‘थई जशे’चा क्रिटिकल पाथ

सुरतेत कुणी एका वेळी एकच गोष्ट शिकत नाही. एकच धंदा करणारा माणूस दिसला की लोक हळूच चौकशी करतात, घरी सगळं ठीक आहे ना म्हणून. रिंग रोडवरचा साड्यांचा व्यापारी सकाळी ग्रे कापडाचा सौदा करतो, दुपारी शेअरचे भाव बघतो, संध्याकाळी वराछ्यात पुतण्याच्या हिऱ्याच्या ऑफिसात जाऊन बसतो, आणि थंडीत मुंबईला पोंकाची पार्सलं पाठवून त्यात चार पैसे सुटतात का तेही चाचपतो. त्यामुळे उधन्यातल्या एका कॉम्प्युटर क्लासने ‘सॉफ्टवेअर टेस्टिंग, फंक्शनल प्रोग्रॅमिंग आणि प्रोजेक्ट शेड्यूलिंग : तीन कोर्स, एक फी’ असा बोर्ड लावला तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. आमच्या मेहुण्याने ती फी भरली तेव्हा मात्र आम्हाला वाटलं.

“तीन कशाला? एकच नीट शीक की,” त्याची बहीण म्हणाली. म्हणजे आमची ही.

“ताई, तिन्ही मिळून एकच फी आहे.”

सुरतेत या वाक्यावर वाद संपतो.

मेहुणा मूळचा नंदुरबारकडचा, वाढला लिंबायतला. सुरत महापालिका गुजरातीबरोबर मराठी, उडिया, तेलुगू, उर्दू अशा माध्यमांच्याही शाळा चालवते. त्यातल्या मराठी शाळेत तो शिकला. तो पाढे मराठीत म्हणतो, वसुली गुजरातीत करतो, रिक्षावाल्याशी हिंदीत घासाघीस करतो आणि आईचा ओरडा अहिराणीत खातो. नोकरी कापड मार्केटसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर करणाऱ्या एका कंपनीत. मी रिंग रोडवरच्या एका पेढीवर हिशेब लिहितो आणि आमच्या पेढीवर त्याचंच सॉफ्टवेअर आहे. नात्यातलं असल्यामुळे तक्रार करायची सोय नाही.

या तीन विषयांचा स्वभाव एकमेकांशी अजिबात जुळत नाही, हे क्लासवाल्याने बोर्डावर लिहायला हवं होतं. टेस्टिंग सांगतं, कुणावर विश्वास ठेवू नको. फंक्शनल प्रोग्रॅमिंग सांगतं, जग शुद्ध करता येतं. आणि शेड्यूलिंगची श्रद्धा अशी की उद्याचा दिवस आपलं ऐकेल. यांतला एकेक विषय शिकलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यांच्या घरचे त्यांना सांभाळून घेतात. तिन्ही एकाच संध्याकाळी शिकून रात्री आपल्याकडे जेवायला येणारा माणूस ही वेगळी परीक्षा आहे.

सुरुवात टेस्टिंगने झाली. ग्लेनफर्ड मायर्स नावाच्या गृहस्थांनी १९७९ साली टेस्टिंगवर एक पुस्तक लिहिलं. त्याच्या सुरुवातीलाच एक कोडं आहे. एका प्रोग्रॅमला तीन आकडे द्यायचे, ते त्रिकोणाच्या बाजू आहेत असं धरून त्याने सांगायचं की हा समभुज, समद्विभुज की विषमभुज. आता हा प्रोग्रॅम तपासायला कुठकुठले आकडे देऊन बघाल? मायर्स म्हणतात, मुरलेल्या प्रोग्रॅमरनाही यात चौदापैकी सरासरी ७.८ गुणच मिळतात. मेहुण्याने कोडं आमच्या पंगतीत टाकलं. मी शाळेतले तीन त्रिकोण सांगितले आणि आमटी वाढून घेतली. ही पोळी लाटता लाटता म्हणाली, “शून्य टाकून बघ. उणे टाकून बघ. एक, दोन आणि तीन टाक. त्याचा त्रिकोण होत नाही, सरळ रेघ होते.”

हिला भूमितीची गोडी कधीच नव्हती. ती घरी साड्यांचं धागा कटिंग आणि स्टोन चिकटवायचं काम करते. पैसे नगामागे मिळतात, आणि नग मोजणारा ठेकेदार असतो. शून्य काय आणि उणे काय, दोन्ही तिने त्याच्या वहीत आपल्या नावापुढे पाहिले आहेत.

‘बग’ची गोष्टही त्याच आठवड्यात आली. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क टू यंत्राच्या रिलेमध्ये एक पतंग अडकलेला सापडला. ग्रेस हॉपर यांच्या सहकाऱ्यांनी तो चिकटपट्टीने नोंदवहीत डकवला आणि शेजारी लिहून ठेवलं. मेहुणा भारावून सांगत होता. कापडाच्या गावात किड्याचं एवढं कौतुक मला काही पटेना. कपड्याला कसर लागते हे आमच्या आजीलाही ठाऊक होतं. शिवाय सुरतेचं कापड बहुतेक पॉलिएस्टरचं, त्याला कसरही तोंड लावत नाही. या गावात किडा आला तो सॉफ्टवेअरमधूनच.

टेस्टिंगवाल्यांचा एक सिद्धांत मात्र मी लगेच मान्य केला. ते म्हणतात, चुका मधे राहत नाहीत, काठावर राहतात. म्हणून काठ आधी तपासा. उदाहरणार्थ ई-वे बिल. १ एप्रिल २०१८ पासून, पन्नास हजार रुपयांहून जास्त किमतीचा माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायचा तर हे बिल लागतं. तेव्हा ४९,९९९, ५०,००० आणि ५०,००१ हे तीन आकडे देऊन बघायचे. ही विद्या मार्केटात पुस्तकाची वाट बघत बसली नव्हती. एकोणपन्नास हजार आठशेची बिलं मी इतकी लिहिली आहेत की एकदम साठ हजारांचा माल नेणारा माणूस मला उधळा वाटतो. मेहुण्याचं सॉफ्टवेअर बरोब्बर पन्नास हजारांनाच ई-वे बिल मागायचं. कायद्यात ‘जास्त’ आहे, त्याच्या प्रोग्रॅममध्ये ‘तितकं किंवा जास्त’ होतं. एका बरोबरच्या चिन्हाचा घोळ. मी वर्षभर सांगत होतो, पण दाजींचं कोण ऐकतो! मायर्सने सांगितल्यावर दोन मिनिटांत दुरुस्त झालं.

काठ डोळ्यांनी पाहायचा असेल तर ताप्ती लाइनवर नवापूर स्टेशन आहे. स्टेशन जुनं, हद्द नवी. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले आणि रेघ नेमकी फलाटावरून गेली. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तर गुजरातेत. एक बाक तर अर्धा इकडे, अर्धा तिकडे आहे आणि त्यावर दोन्ही राज्यांची नावं रंगवली आहेत. गुजरातेत दारूबंदी. तेव्हा परवाना खिशात ठेवून बाकाच्या महाराष्ट्राकडच्या टोकाला बाटली घेऊन बसलेला माणूस गुजरातकडे सरकू लागला, तर नेमक्या कुठल्या इंचावर गुन्हेगार होतो? मेहुणा म्हणतो, याला बाउंडरी व्हॅल्यू अ‍ॅनालिसिस म्हणतात. आखाजीला गावी जाताना गाडी नवापूरला थांबली की तो आता खिडकीतून त्या बाकाकडे भक्तिभावाने बघतो.

मग फंक्शनल प्रोग्रॅमिंग सुरू झालं आणि पोराची भाषाच बदलली. याचं मूळ १९३० च्या दशकात अलोंझो चर्च नावाच्या तर्कशास्त्रज्ञाने मांडलेल्या लॅम्डा कॅलक्युलसमध्ये. पुढे जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये लिस्प ही भाषा आखली. सगळ्यांत गंमत जॉन बॅकस यांची. ज्यांनी फोरट्रान करून साऱ्या जगाला एका वळणाचं प्रोग्रॅमिंग शिकवलं, त्यांनीच १९७७ मध्ये ट्युरिंग पुरस्कार घेताना व्याख्यानात सांगितलं की या वळणातून आता सुटलं पाहिजे. पुरस्कार घेताना आपल्याच कामाचे वाभाडे काढणारा माणूस आपल्याकडे साहित्य संमेलनातही पाहायला मिळाला नाही.

या पंथाचे नियम कडक आहेत. एकदा दिलेली किंमत बदलायची नाही. फंक्शनने मिळेल त्यावर काम करून उत्तर द्यायचं, आजूबाजूला कशाला हात लावायचा नाही. तेच आकडे दिले की तेच उत्तर आलं पाहिजे, आज, उद्या, दिवाळीत, मार्चअखेरीस. “दाजी, x बरोबर x अधिक १ हे लिहिणंच मुळात पाप आहे,” मेहुणा म्हणाला. “जुनी किंमत पुसायची नाही. नवी लिहायची.”

मी त्याला पेढीवरचा जुना चोपडा दाखवला. आमच्या धंद्यात खाडाखोड चालत नाही. चुकीची नोंद झाली तर ती तशीच राहते आणि खाली उलटी नोंद पडते. जे झालं ते झालं, त्यावर रेघ मारून ते न झाल्यासारखं करता येत नाही. दिवाळीला पूजा होते ती अशा न पुसणाऱ्या वहीची. मधल्या काळात सॉफ्टवेअर आलं आणि दोन वर्षांपूर्वीचं बिल एका बटणाने बदलायची सोय झाली, तेव्हा आमच्या म्हाताऱ्या मुनीमजींनी कपाळाला हात लावला होता. शेवटी सरकारलाच जाग आली. कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिली पाहिजे आणि ती नोंद बंद करता येता कामा नये, असा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला. मुनीमजी तोवर निवृत्त होऊन गावी गेले होते. त्यांना फोन करून सांगितलं की तुम्ही फंक्शनल होता. ते म्हणाले, “हूं. पगार कुठे तसा होता?”

शुद्धतेची खरी पंचाईत पुढे झाली. मेहुण्याने साडीचा भाव काढणारं फंक्शन लिहायला घेतलं. साडीचा नंबर द्यायचा, भाव मिळायचा. मला विचारलं, “या डिझाइनचा भाव काय?” मी विचारलं, “कुणाला?” तो थांबला. मग मी त्याला सविस्तर समजावलं. पार्टी जुनी की नवी. रोख की उधार, आणि उधार असेल तर तीस दिवसांचा धारा की नव्वदचा. मधे एजंट कोण. सकाळची बोहनी व्हायची आहे का झाली. मागच्या हंगामात त्याने माल परत पाठवला होता का. आणि शेठ जेवून आलेत की जायचे आहेत. एकच साडी, एकच दिवस, दोन गिऱ्हाइकं, दोन भाव, आणि दोघंही स्वस्त पडली म्हणून खूश. मेहुणा बराच वेळ वहीकडे बघत बसला. मग म्हणाला, “म्हणजे भाव हे फंक्शन नाहीच.” मी म्हटलं, “भाव ही शेठची मर्जी आहे.”

पण पोरगा हुशार. त्याने वाट काढली, आणि ती या पंथातली अधिकृत वाटच आहे म्हणे. हास्केल नावाची भाषा, १९९० सालची, या बाबतीत फार सोवळी. तीसुद्धा जग अशुद्ध आहे हे मान्य करते, फक्त त्याला उंबऱ्याबाहेर बसवते. भाव शेठने बाहेरून सांगायचा. तो एकदा आत आला की पुढचं सगळं शुद्ध : मीटर गुणिले भाव, वजा वटाव, अधिक जीएसटी, बेरीज. आत मर्जीला जागा नाही. याचा फायदा मला तेव्हा कळला नाही, पुढे कळला. जे शुद्ध आहे ते तपासायला सोपं. त्याला ना प्रिंटर लागतो, ना इंटरनेट, ना शेठ.

तपासायची रीतही त्याने नवी आणली. स्वीडनमधल्या चाल्मर्स विद्यापीठातल्या कुन क्लासेन आणि जॉन ह्यूज यांनी २००० साली क्विकचेक नावाचं हत्यार केलं. यात आपण उदाहरणं द्यायची नाहीत, नियम सांगायचा. यंत्र आपल्या मनाने वाटेल ती शंभर उदाहरणं बनवतं आणि नियम मोडतो का बघतं. मेहुण्याने नियम लिहिला : डाइंग मिलमध्ये गेलेले मीटर बरोबर परत आलेले मीटर अधिक घट, आणि घट कधी उणे नसते. यंत्राने लगेच नियम मोडून दाखवला. शिवाय आधी सापडलेलं लांबलचक उदाहरण छाटत छाटत अगदी लहान केलं : एक चलान, एक ताका, गेले शंभर मीटर, आले एकशे एक.

“असं कुठे होतं का? कापड मिलमध्ये जाऊन वाढतं?” मेहुणा हसला.

मी हसलो नाही. पांडेसऱ्याहून आलेले असे ताके मी हाताने मोजले आहेत. मिलमध्ये कापड लांबीला ताणलं की मीटर वाढतात आणि पन्हा कमी भरतो. लांबी वाढली म्हणून व्यापारी खूश, आणि शिंप्याकडे ब्लाउज पुरत नाही म्हणून गिऱ्हाईक नाखूश. मला हे कळायला पेढीवर केस पिकवावे लागले. ज्या यंत्राने आयुष्यात ताका पाहिला नाही त्याने ते क्षणात हुडकलं. त्या दिवसापासून मी मेहुण्याला जेवताना बोलू देऊ लागलो.

तिसरा विषय शेड्यूलिंग, आणि इथे सुरतेने शास्त्राला पाणी पाजलं. हेन्री गँट यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कामाच्या आडव्या पट्ट्या काढल्या. १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्रासाठी पर्ट पद्धत आणली. त्यात प्रत्येक कामाला तीन मुदती विचारतात : सगळं सुरळीत झालं तर किती, बहुधा किती, आणि सगळंच बिनसलं तर किती. मधलीला चाराने गुणायचं, तिन्ही मिळवायच्या, सहाने भागायचं. सहा, नऊ आणि तीस दिवस असतील तर उत्तर बारा. मेहुण्याने सरावासाठी एका मिलवाल्याला फोन लावला. सुरळीत झालं तर कधी? “थई जशे.” बहुधा? “थई जशे.” सगळं बिनसलं तर? मिलवाला जरा विचारात पडला आणि ठामपणे म्हणाला, “थई जशे.” याला सहाने भागता येत नाही.

‘थई जशे’ म्हणजे होऊन जाईल. कधी, ते त्यात नाही. लबाडीही नाही, कारण शेवटी काम होतंच. सुरतेचा सगळा व्यवहार या दोन शब्दांवर उभा आहे, आणि पोलारिस क्षेपणास्त्राच्या मानाने तो पुष्कळ जुना आहे.

शेड्यूलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सुट्ट्या भरायची एक जागा असते. क्लासवाल्या सरांनी रविवार भरले आणि पुढे गेले. मेहुण्याने घरी येऊन खरी यादी केली. उत्तरायणाला १४ जानेवारी गच्चीवर, आणि वासी उत्तरायण म्हणून १५ सुद्धा. होळीला उत्तर प्रदेश-बिहारची माणसं गावी. आखाजीला आपले खानदेशी गावी. मग गणपती. मग नवरात्रात रात्रभर गरबा, म्हणजे दिवसभर जांभया. शरद पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी चांदी पडवा, त्या दिवशी घारी खाल्ल्यावर कुठला माणूस कीबोर्डला हात लावील? मग दिवाळी, जी लाभ पाचमीला कागदावर संपते आणि कारागीर ओडिशाहून परतले की प्रत्यक्षात. कामाचे दिवस उरले त्यांत लग्नाचा हंगाम.

त्याच सुमारास त्याच्या कंपनीने त्याच्यावर नव्या व्हर्जनचं वेळापत्रक सोपवलं. आठ आठवडे, दिवाळीच्या आधी संपवायचं. रंगीत पट्ट्या काढल्या, सगळ्यांत लांबची साखळी म्हणजे क्रिटिकल पाथ तांबडा केला, आणि शेवटचे दोन आठवडे टेस्टिंगला ठेवले. मला पट्ट्या आवडल्या. ही कपाटाच्या दाराला टेकून बघत होती. तिने विचारलं, “रोज किती काम होईल हे तू कुणाला विचारलंस?”

“सगळ्यांना. प्रत्येकाने आपापला अंदाज दिला.”

“मला ठेकेदार विचारतो, उद्या किती साड्या होतील. मी सांगते, काल किती झाल्या ते मोजून घे, उद्याचा आकडा तूच लिही.”

मेहुण्याने क्लासच्या नोट्स उलगडल्या. केंट बेक आणि मार्टिन फाउलर यांनी हेच तंत्र २००० सालच्या आपल्या पुस्तकात मांडलं आहे आणि त्याला ‘कालचं हवामान’ असं नाव दिलं आहे. उद्याचा अंदाज बांधायचा तर काल प्रत्यक्ष जे झालं तेवढंच उद्या होईल असं धरा. हिला नगामागे मिळणाऱ्या पैशात या सल्ल्याची फी धरलेली नाही.

पुढचं सांगायला नकोच, पण सांगतो. नवरात्रात एक आठवडा गेला. घारीने एक दिवस नेला. मधेच कराचा एक नियम बदलला. साहेबांनी उशीर भरून काढायला दोन नवी मुलं आणून बसवली. उशिरा चाललेल्या कामात माणसं वाढवली की ते आणखी उशिरा होतं, हे फ्रेड ब्रुक्स यांनी आयबीएमच्या अनुभवावरून १९७५ मध्ये लिहून ठेवलंय. कारण नव्यांना शिकवायला जुन्यांनाच बसावं लागतं. मेहुणा त्या दोघांना ताका म्हणजे काय ते शिकवत होता. उशीर होत गेला तशी प्रत्येक पट्टी उजवीकडे सरकली, दिवाळी मात्र जागची हलली नाही. मधे चिरडलं गेलं ते टेस्टिंग. दोन आठवड्यांचा एक झाला, आठवड्याचे दोन दिवस झाले, शेवटी धनत्रयोदशीच्या दुपारचे तीन तास. कामाला उशीर कुणामुळेही होवो, भरपाई टेस्टिंगच्या ताटातून, हा नियम क्लासच्या तिन्ही कोर्सांत कुठेही नव्हता.

त्या तीन तासांत शुद्ध भाग बिनचूक निघाला. मीटर, घट, वटाव, पन्नास हजारांचा काठ, सगळं त्याच्या यंत्राने रोज रात्री आपलं आपण तपासलेलं होतं. फसलं ते उंबऱ्याबाहेरचं : प्रिंटर, बँकेची जोडणी, आणि पार्टीला जाणारा मेसेज, जो एकाच पार्टीला अकरा वेळा गेला. मेहुण्याचा निष्कर्ष मला पटतो. प्रोग्रॅमचा जेवढा भाग शुद्ध करता येईल तेवढा करावा, म्हणजे त्याचं टेस्टिंग वेळापत्रकाच्या शेपटाला बांधावं लागत नाही, पहिल्या दिवसापासून चालतं. तीन विषय एका फीत शिकण्याचा एवढा एकच खरा फायदा आहे. त्याने हे साहेबांना लेखी दिलं. पुढच्या वेळी टेस्टिंग पहिल्या आठवड्यापासून ठेवू या, अशी विनंती केली. साहेबांनी कागद नीट वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, “थई जशे.”

तेव्हा मार्केटातल्या माझ्या हिशेबनीस भावांनो, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात तुमच्या पडद्यावर ‘नवं व्हर्जन आलं आहे, आत्ताच घ्या’ अशी पाटी झळकली, तर शेजारचं ‘नंतर’ हे बटण दाबा. लाभ पाचमीनंतर बघू.